मुलींच्या प्रशिक्षकाची सही

१२ जून

प्रिय मावशी,

नमस्कार.

फोनवर तू "हां, हां" म्हणतेस आणि तुला शब्दही ऐकू आलेला नसतो, हे मला कळून चुकलंय. म्हणून आता पत्रच. शिवाय ज्या ऑफिसात तू तीस वर्षं टाइपरायटर बडवलास, तिथून तुला एखादं पत्र यायलाच हवं. तुझ्या शब्दामुळे ही नोकरी लागली, हे आई मला फोनवर दिवसातून दोनदा ऐकवते.

कॉलेजचं मैदान तू सांगितलंस तसंच आहे. मुलींच्या प्रशिक्षकाची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली, तिरक्या छताची. माझ्या उंचीमुळे दोन दिवसांत डोक्याला दोन टेंगळं आली. दुपारी डोक्यावरच्या पायऱ्यांवरून कुणीतरी सावकाश उतरल्यासारखं वाटतं. बाहेर येऊन बघावं तर सगळ्या पायऱ्या रिकाम्या आणि ऊन. सिमेंट तापलं की वाजतं, असं मी स्वतःला सांगितलंय.

एक गंमत सांगते. पहिल्या दिवशी हेडक्लार्कने हजेरीपट पुढे केला. मी माझ्या नावाची सही करणार, तेवढ्यात त्यांनी हात आडवा घातला. "मुलींच्या प्रशिक्षकाची सही ठरलेली आहे मॅडम. पदाची सही." आणि एका कार्डावरचा नमुना दाखवला. एक मोठा वळसा, त्याच्या पोटातून खाली येणारी रेघ, शेवटी उलटा आकडा. मुलांचे तिन्ही प्रशिक्षक आपापल्या नावाने सह्या करतात. मी विचारलं, मग माझंच असं का? तर म्हणे, "मुलींच्या प्रशिक्षक बदलत राहतात. दर वेळी सगळ्यांना नवी सही कळवत कोण बसणार?" मी पहिलीतल्या पोरीसारखी अर्धा तास वळसे गिरवत बसले.

मग जुने हजेरीपट चाळले. माझ्याआधी बावीस वर्षांत चार जणी होऊन गेल्या. पण पहिलीची सुरुवातीची थोडी पानं सोडली, तर ते कळतच नाही. तोच वळसा, तीच रेघ, तोच आकडा. शेवटच्या पानावर माझी सही होती. क्षणभर वाटलं, बावीस वर्षं मीच येतेय इथं.

तुझ्या वेळी होत्या ना गं त्या? कशा होत्या?

तुझी,
भिंगरी

---

२० जून

चि. भिंगरी हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय, मोजे मात्र अजून दोन रंगांचे घालतेस असं तुझी आई म्हणाली. कामाच्या ठिकाणी तरी जोडीचे घालत जा.

त्या चौघींतल्या तिघी माझ्या वेळच्या. चांगल्या होत्या. कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, अशा निघून गेल्या. आता मला तितकंसं आठवत नाही.

जुने हजेरीपट कशाला चाळतेस? धूळ बसते छातीत. सही काय, कशीही असली तरी सहीच. ती करायची, शिटी गळ्यात घालायची आणि मैदानावर जायचं. क्रीडा संचालक तोंडाने फटकळ आहेत, पण त्यांच्या पुढ्यात जाऊन हुज्जत घातली नाही की माणूस वाईट नाही. त्यांच्या टेबलाच्या डावीकडे हिरव्या फितीची फाइल असेल, तिच्याकडे बघत बसू नकोस. त्यांना आवडत नाही.

तुझी,
मावशी

---

१५ जुलै

प्रिय मावशी,

नमस्कार. हिरव्या फितीची फाइल आहे. निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी तुला ती आठवते आणि तीन बायका आठवत नाहीत, याचं नवल वाटलं.

असो. मी चिडलेय, तेव्हा सरळ लिहिते.

मुलांना ट्रॅक सकाळी आणि संध्याकाळी. आम्हाला दुपारी बारा ते दोन. बाराला मैदानावर कुत्रंही नसतं. मुलींच्या सावल्या पायांखाली गोळा झालेल्या असतात आणि तापलेला ट्रॅक बुटांना चिकटतो. आतल्या दोन लेन उखडल्यात, त्याच आमच्या. माझी अडथळ्यांच्या शर्यतीतली मुलगी, जिला सगळे टिटवी म्हणतात, ती परवा तिथंच अडखळली आणि गुडघ्यावर पडली. फिजिओथेरपिस्ट वीस पावलांवर बसला होता. मी हाक मारली, तर म्हणाला, "मॅडम, मी मुलांच्या संघाचा." मी तिला पाठुंगळीवर घेऊन रिक्षापर्यंत गेले. वर्ष वाया गेलं तिचं.

संचालकांकडे गेले. ते म्हणाले, "मुली पळतात ते हौसेने. तुम्हीही हौसेने शिकवा." त्याच आठवड्यात, ज्या पोराला मी स्टॉपवॉच धरायला शिकवलं, तो माझा मदतनीस, तो माझ्यावरचा वरिष्ठ प्रशिक्षक झाला. कारण विचारलं, तर म्हणे प्रवासात बाई असली की अडचण होते. कुणाची, ते नाही सांगितलं.

मी लेखी तक्रार देणार आहे. मजकूर तयार आहे.

आता एक विचित्र गोष्ट. मैदानाची देखभाल करणारे काका माहीत असतीलच तुला, डोळे गेलेत त्यांचे आता बरेचसे. मी लेनजवळ उभी राहून बडबडत होते, तर पाणी मारता मारता म्हणाले, "बाई, मागच्या वेळीही तुम्ही इथंच उभ्या राहून हेच बोलला होतात. मग अर्ज दिलात. मग मागे घेतलात आणि गेलात." मी म्हटलं, काका, मी नवी आहे. ते हसले. "दर वेळी असंच म्हणता."



तुझी,
भिंगरी

---

२१ जुलै

चि. भिंगरी हिस अनेक आशीर्वाद.

तू तक्रार देऊ नकोस.

मी हे तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतेय. ती माणसं डूख धरतात. तुझ्या आईचं ब्लडप्रेशर आधीच वर आहे, तिला हे सोसायचं नाही. एखादं वर्ष गप्प काढ, मग दुसरीकडे बघू. टिटवी तरुण आहे, बरी होईल.

काकांचं मनावर घेऊ नकोस. ते माझ्या वेळीही असंबद्धच बोलायचे.

दिलीच असशील तर पोच घे, आणि तिची झेरॉक्स काढून घरी ठेव, ऑफिसात नाही.

तुझी,
मावशी

---

१३ ऑगस्ट

प्रिय मावशी,

मला काय होतंय ते तूच सांग. आईला दाखवू नकोस हे पत्र.

नऊ तारखेला मी तक्रार दिली, चौकशी समितीच्या अध्यक्ष असलेल्या कुलसचिव बाईंच्या हातात. पोच घेतली. अकराला त्यांनी बोलावलं. मला वाटलं, चला, निदान वाचली तरी. त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्यापुढे एक कागद ठेवला. "तुम्ही तर ही मागे घेतली आहे."

"मुलींच्या संघाबाबतची माझी तक्रार मी कौटुंबिक कारणास्तव स्वखुशीने मागे घेत आहे व त्याबाबत माझे काही म्हणणे उरलेले नाही." खाली सही. वळसा, रेघ, आकडा. माझीच. रोज हजेरीपटावर करते तीच.

तारीख दोन ऑगस्ट. तक्रार नऊची, माघार दोनची. मी ते दाखवलं, तर कुलसचिव म्हणाल्या, "तारखेची चूक किरकोळ असते. सही तुमची नाही, असं म्हणणं आहे का?"

मावशी, मला नाही म्हणता आलं नाही. ती माझी सही आहे. शाई निळी-काळी होती आणि माझ्याकडे शाईचं पेन नाही, पण कुणाचं घेतलं असेन, असंही मनात येऊन गेलं. दोन तारखेला मला ताप होता. मी गोळी घेऊन खोलीत टेबलावर डोकं टेकून पडले होते. त्या तासाभराचं मला काही आठवत नाही. वर पायऱ्यांवर कुणीतरी चालत होतं, तेवढंच आठवतं.

काल बँकेत गेले. स्लिपवर माझ्या नावाची सही करायला हात टेकवला आणि वळसा आला. खोडलं. पुन्हा वळसाच. काउंटरवरचा माणूस माझ्याकडे बघत राहिला. दोन महिन्यांत माझा हात दुसऱ्या कुणाचा झालाय का?

मी हट्ट धरला म्हणून तीस तारखेला सुनावणी ठेवली आहे. माघार खरी ठरली तर मी खोटारडी, माझी नोकरी त्याच दिवशी संपेल आणि मुलींचा संघ "तूर्तास स्थगित" होईल. सोळा मुली आहेत. टिटवी कुबडी घेऊन रोज येऊन बसते.

झेरॉक्स सोबत आहे. तू हजारो कागद पाहिलेस. सांग, मी वेडी होतेय का?

भिंगरी

---

१९ ऑगस्ट

चि. भिंगरी,

तू वेडी नाहीस. ती सही माझी आहे.

हे एक वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. आता उरलेलं भरभर लिहून टाकते, नाहीतर हे पत्र पेटीत पडणार नाही.

पहिल्या बाईंनी तक्रार दिली तेव्हा माघारीचं पत्र मी टाइप केलं. संचालक म्हणाले, "बाई गावी गेल्यात, फोनवर कबूल झाल्यात, सही तुम्हीच करून टाका पदनामाने." मी विचारलंही नाही की फोन कधी आला. एक वळसा काढला, रेघ ओढली, आकडा दिला. सोपा होता. त्यांना तो इतका पसंत पडला की पुढच्या बाई आल्या तेव्हा त्यांनी नियमच केला, मुलींच्या प्रशिक्षकाने हीच सही करायची. म्हणजे जी येईल ती माझी सही शिकणार. दुसरीच्या वेळी मी विचारलं नाही. तिसरीच्या वेळी त्यांनी सांगायच्या आत मी टाइप करून ठेवलं होतं.

निवृत्त होण्याच्या आठवड्यात त्यांनी चाळीस कोरे कागद दिले. म्हणाले, तुमच्यामागे अडायला नको. मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बसून चाळीस सह्या केल्या, खालच्या बाजूला, मजकुराला जागा सोडून. माझ्या शाईच्या पेनाने. ते हिरव्या फितीच्या फाइलीत आहेत. चौथीला त्यातला एक लागला असणार. तुला दुसरा.

आणि तारीख दोनची का, तेही सांगते. तुझं जुलैचं पत्र आलं आणि मी लगेच कागद घेऊन बसले. मी हेडक्लार्कला लिहिलं, पोरगी आमची आहे, तापट आहे, तक्रार करीन म्हणते, सांभाळून घ्या. मला वाटलं, माझ्या भाचीवर ते कागद काढणार नाहीत. म्हणूनच तर तुला तिथं चिकटवलं मी. म्हटलं, आपलं माणूस असलं की ती फाइल बंद राहील. त्यांनी माझं पत्र वाचून उलट तयारीच करून ठेवली.

तुला लाज वाटत असेल माझी. मला तर वाटतेच. परवा दूधवाल्याच्या वहीत सही करताना वळसाच आला. तुझा हात बदललाय तो दोन महिन्यांत. माझा बावीस वर्षं असाच आहे.

मी सुनावणीला येऊ शकणार नाही. गुडघे, कान, आणि या वयात लोकांपुढे हे सांगणं. हे पत्र वाचून जाळून टाक.

मावशी

---

२४ ऑगस्ट

मावशी,

पत्र जाळलं नाही.

मी तिसऱ्या बाईंच्या घरी जाऊन आले. पत्ता ग्राउंडच्या काकांकडे होता. बाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या बहिणीने दार उघडलं. मी कॉलेजातून आले म्हटल्यावर त्या आत जाऊन बसल्या. मग म्हणाल्या, "ती शेवटपर्यंत म्हणत होती, सही मीच केली असेन, मला आठवत नाही. आम्ही डॉक्टरही केले. पुढं पुढं ती कुठल्याच गोष्टीबद्दल खात्रीने बोलेना. चहात साखर घातली का, हेही मला विचारायची."

तुला हे कळावं म्हणून लिहितेय. तू नुसते एका दुपारी कागद काळे केले नाहीस. तू एका बाईचा स्वतःवरचा विश्वास काढून घेतलास. अकरा दिवस माझाही घेतला होतास.

तुझं पत्र मी समितीला देऊ शकते. पण ते म्हणतील, भाचीसाठी म्हातारीने लिहिलं. तू आलीस, बोललीस, तर गोष्ट वेगळी. सुनावणी तीस तारखेला दुपारी एकला. सकाळी अकरापासून बस स्टँडवर मी असेन. नाही आलीस तरी मी बारापर्यंत तिथं थांबेन, मग एकटीच जाईन.

भिंगरी

---

२ सप्टेंबर

प्रिय मावशी,

पोचलीस ना नीट? गुडघ्यांना शेक दे.

त्या दिवशी स्टँडवर तुला पाहिलं आणि मी तुझी पिशवीच ओढून घेतली. रागावले आहेच अजून. ते जायला वेळ लागेल. पण तू आलीस.

आईला मी सगळं सांगितलं. ती आधी रडली आणि मग तुझी नक्कल करत हसली. संचालक हळू आवाजात विचारायचे, "तुम्हाला कुणी सांगितलं सही करायला?" आणि तू कानामागे हात धरून, "काय? मोठ्याने बोला." तीनदा. तिसऱ्यांदा ते ओरडले तेव्हा बाहेरच्या व्हरांड्यातली सगळी माणसं उभी राहिली. आणि तू तेवढ्याच मोठ्याने म्हणालीस, "तुम्ही."

मग जो तो आपला हात झटकू लागला. संचालक म्हणाले, माझ्यापुढे फाइल आली, मी पुढे पाठवली. हेडक्लार्क म्हणाले, मला मजकूर दिला, मी टाइप केला. कुलसचिव म्हणाल्या, सही होती म्हणून मी मान्य केली. एवढ्या लोकांच्या हातून गेलेला कागद आणि केला कुणीच नाही. तू मधेच म्हणालीस, "मी केला." मला तेव्हा तुझा अभिमान वाटला. सांगायचा नव्हता, पण वाटला.

निर्णय वीस तारखेला. फाइल समितीने ताब्यात घेतली आहे. तोवर मुलींना सकाळची वेळ मिळाली. काल पहिल्यांदा त्यांच्या सावल्या लांब पडलेल्या बघितल्या.

आणि मी हजेरीपटावर माझ्या नावाची सही केली. तीन वेळा हात अडला, चौथ्यांदा जमली.

तुझी,
भिंगरी

---

१४ सप्टेंबर

चि. भिंगरी हिस अनेक आशीर्वाद.

काल समितीचं पत्र आलं. "आपण दिनांक ३० रोजी दिलेली जबानी, वयोमानामुळे स्मरण नीट नसल्याने, आपण स्वखुशीने मागे घेतल्याचे पत्र मिळाले. सदर जबानी विचारात घेतली जाणार नाही." सोबत त्या पत्राची प्रत होती. खाली सही आहे. वळसा नाही. माझं नाव, माझं आडनाव, माझी सही. शंभर टक्के माझी.

मी ते पत्र मांडीवर घेऊन दिवसभर खुर्चीत बसले. भाजी चुलीवर करपली तरी कळलं नाही. वाटलं, घरी येऊन मीच पाठवलं असेल. घाबरून लिहिलं असेन आणि विसरले असेन. वय आहे माझं. कपाटात पोस्टाची तिकिटं शोधली, पेनातली शाई बघितली. सकाळपासून मी काय काय केलं ते बोटांवर मोजायला लागले आणि चौथ्या बोटावर अडले. तेव्हा मला त्या तिसऱ्या बाई दिसल्या. दुपारच्या उन्हात दारात उभ्या राहाव्यात तशा दिसल्या. 

तुला एक सांगायचं नव्हतं, पण सांगतेच. संध्याकाळपर्यंत मला बरं वाटत होतं. मागे घेतलं असेल तर सुटले, असं वाटत होतं. इतकी मी अजून त्यांची आहे.

दिवे लागायच्या सुमाराला आठवलं. सुनावणीनंतर तू रिक्षा बघायला गेलीस तेव्हा हेडक्लार्क चहा घेऊन आला. "बाई, हजेरीच्या कागदावर सही राहिली." एकाखाली एक दोन कागद होते, खालचा बोटभर बाहेर सरकलेला. मी दोन्हींवर केली. बघितलंसुद्धा नाही. तीस वर्षं त्या ऑफिसात कुणी कागद पुढे केला की माझा हात चालतो. आणि खालचा कागद असा सरकवून ठेवायचा, हे त्या पोराला नोकरीला लागला तेव्हा मीच शिकवलं होतं.

ते पत्र मी पाठवलेलं नाही. मी हे आता खात्रीने म्हणते. उद्या खात्री वाटेनाशी झाली तर तू मला हे पत्र वाचून दाखव, मोठ्याने.

मी गुरुवारच्या बसने येतेय. निर्णय लागेपर्यंत तुझ्याकडेच राहीन, तुझ्या आईलाही बोलावून घे. रोज सकाळी समितीच्या दारात जाऊन बसेन आणि जो येईल त्याला सांगेन. तिघींची नावं घेऊन सांगेन, मला तिघींची नावं पाठ आहेत, तुला खोटं सांगितलं होतं. चौथीला आपण शोधू. मला कागद नको, चष्मा नको. ऐकू येत नाही, म्हणून मोठ्यानेच सांगेन.

या पत्राखाली सही करत नाही. यापुढे माझ्या सहीचं काहीही तुझ्यापर्यंत आलं, तर ते माझं नाही असं समज.